चांदणीवाली नोट निघाली मुंबईला

मुंबईची सहल म्हटली, की राणीची बाग, नेहरू तारांगण, गेट वे ऑफ इंडिया आणि चौपाटीवरची भेळ ही यादी ठरलेली. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या शाळेची सहल निघाली, तेव्हा या यादीत आणखी एक नाव होतं आणि ते ऐकून गावातले लोक हसत होते. "पैसे बघायला मुंबईला? अहो बाई, मुंबईला लोक पैसे मिळवायला जातात!"

हसू देत बापडे. मुलांनो, तुम्हीही कधी मुंबईला गेलात, तर फोर्ट भागात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर 'अमर बिल्डिंग' कुठं आहे ते विचारा. भारतीय रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं आणि नोटांचं संग्रहालय तिथं आहे. २००४ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचं उद्घाटन केलं. सोमवारी ते बंद असतं, तेवढं मात्र लक्षात ठेवा. नाहीतर सव्वीस जिने चढल्यासारखे दमून जाल आणि दाराला कुलूप!

आम्ही रात्री सेलूला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलो. २९ मुलं, दोन शिक्षक, चार पिशव्या दशम्या आणि एक मोठी बरणी शेंगदाण्याची चटणी. सकाळी मुंबईला उतरलो. स्टेशनाबाहेर आल्यावर सगळ्यांच्या माना आधी वर गेल्या, मग मागे वळल्या. स्टेशनाची ती इमारत पाहून एकाने विचारलंच, "बाई, हेच का ते नोटांचं घर?" दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून, फेरीवाल्यांच्या मधून वाट काढत आम्ही चालत निघालो. रांगेत सर्वांत पुढे सातवीतली एक मुलगी होती. तिचा एक हात सारखा दप्तराच्या आतल्या कप्प्यावर होता. त्या कप्प्यात काय होतं, ते जरा पुढे सांगते.

आत गेल्यावर सुरुवातीला जुनी नाणी आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली. मग कुशाण, गुप्त, मोगल, मराठेशाही. खरं सांगायचं तर मुलांनी हा भाग भराभरा पाहिला. काचेमागची बोटाएवढी नाणी बघायची म्हणजे डोळे ताणावे लागतात. नोटांच्या दालनात मात्र सगळे थबकले. कारण इथं प्रत्येक नोट पाहून कुणीतरी म्हणत होतं, "ही खोटी असणार!"

आता तुम्हीच बघा. जुन्या काळी नोटेची एकच बाजू छापलेली असायची, दुसरी बाजू कोरी. अशी नोट आज तुमच्या हातात कुणी दिली तर? राणी व्हिक्टोरियाच्या चित्राची पहिली सरकारी नोट निघाली आणि तिच्या इतक्या नकला झाल्या, की ती मागे घेऊन १८६७ पासून नव्या नोटा आणाव्या लागल्या. नकली नोट हा काही आजचा रोग नाही, बरं का!

त्याच काळातली दुसरी गंमत ऐका. टपालातून नोटा पाठवताना चोरी होऊ नये म्हणून लोक नोट मधोमध कापायचे. अर्धी आधी पाठवायची. ती पोचल्याचं पत्र आलं, की उरलेली अर्धी. दोन अर्ध्या जोडल्या की झाली पुरती नोट! म्हणजे त्या वेळी हातात पडलेली फाटकी नोट खोटी नसायची, ती फक्त आपल्या जोडीदाराची वाट पाहत असायची.

आणि अडीच रुपयांची नोट? पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. चांदीचा रुपया पाडणं परवडेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि तिच्यामागून दोन रुपये आठ आण्यांची. दोन रुपये आठ आणे म्हणजेच अडीच. या दोन्ही नोटा १ जानेवारी १९२६ पासून देणं बंद झालं. "बाई, अडीचची नोट कुणी घेतली असती का?" एकाने विचारलं. त्या काळी लोकांनी घेतली, कारण ती त्यांच्या ओळखीची होती. आज कुणी दुकानात नेली, तर दुकानदार तिला पत्त्यांतला जोकर समजेल.

आम्ही मराठवाड्याचे. त्यामुळे हैदराबाद संस्थानाच्या नोटांपुढे आमची जास्तच गर्दी झाली. निजामाचं राज्य होतं तेव्हा आमच्याकडे 'हाली' रुपया चालायचा आणि इंग्रजांच्या रुपयाला 'कलदार' म्हणायचे. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव. निजामाच्या नोटेवर उर्दू, इंग्रजीबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीतही किंमत लिहिलेली असे. हद्द ओलांडून पलीकडच्या बाजाराला गेलेल्या माणसाला किती पंचाईत पडत असेल! नोट खरी, राजा खरा, पण दोन कोसांवर दुसऱ्याचं राज्य. तिथला दुकानदार म्हणणार, "ही इथं नाही चालत."

नाशिकरोडच्या छापखान्याचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९२८ पासून तिथं नोटा छापल्या जातात. देशाची फाळणी झाल्यावर पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा तयार नव्हत्या. तेव्हा आपल्याच रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरं जादा छापून १९४८ साली त्या तिकडे दिल्या गेल्या. एका नोटेवर दोन देशांची नावं! तशीच १९५९ ची ती हज यात्रेकरूंची नोट. सौदी अरेबियात खर्च करण्यासाठी दहाच्या आणि शंभराच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्यांच्या नंबरापुढे खास अक्षरं छापलेली. रिझर्व्ह बँकेनेच काढलेल्या, पण भारतातल्या बाजारात चालत नसत. म्हणजे पाहा, नोट खरी असणं आणि ती आपल्या नुक्कडवर चालणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता त्या दप्तराच्या कप्प्याकडे येऊ.

त्या मुलीची आजी कापूस वेचायला जाते. नोव्हेंबरात वेचणीचे पैसे मिळाले, त्यांत पाचशेची एक नोट होती. आजी तेल-मीठ आणायला गेली. दुकानदाराने नोट हातात घेतली, नंबर पाहिला आणि परत केली. "मावशी, ही नकली आहे. नंबरात चांदणी आहे बघा. मोबाईलवर आलंय." माणूस वाईट नाही तो. पूर्वी एकदा त्याच्या गल्ल्यात खरोखरीची खोटी नोट आली होती, त्यामुळे दुधाने तोंड पोळलेलं. आजीने आणखी दोन दुकानं पाहिली. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी म्हणालं, "पोलिसात देतील तुला." झालं! नोट घरी आली आणि बांगड्यांच्या डबीत जाऊन बसली. पाचशे रुपये म्हणजे किती दिवस उन्हात वाकून वेचणी करायची, ते तुमच्या आजीला विचारा.

जुलै २०२३ मध्ये असे संदेश मोबाईलवर खरंच फिरत होते. त्यावर रिझर्व्ह बँकेने २७ जुलै २०२३ ला खुलासा केला, की नंबरात चांदणी असलेली नोट इतर नोटांसारखीच खरी आहे. मी त्या खुलाशाचा कागद छापून आजीकडे नेला. आजीने कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, "माय, कागदावर कुणीबी काईबी छापतंय. ही नोट काय, कागदच हाय की!"

यावर काय बोलणार? मी म्हटलं, आजी, मला द्या ती नोट, मी माझ्याजवळची दुसरी देते. तर नातच मध्ये पडली. "नको बाई. तुम्ही बदलून दिली तर आजीला वाटेल, तिची खोटी नोट तुम्ही पदरात घेतली. मग ती तुमच्या घरी भाजी पाठवत बसेल." म्हणून ठरलं, की नोट मुंबईला न्यायची. निघताना आजीने ती रुमालात बांधून दिली आणि बजावलं, "खोटी निघाली तर तिथंच फाडून टाका. घरी नका आणू."

ही चांदणी येते कुठून? नव्या नोटांच्या गड्ड्या बांधतात, शंभर नोटांची एक. नंबर ओळीने असतात. छापताना एखादी नोट बिघडली, तर पूर्वी त्याच नंबराची नोट पुन्हा छापून तिथं घालावी लागायची. वेळ जायचा. मग २००६ मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून नवी युक्ती सुरू झाली: बिघडलेल्या नोटेच्या जागी वेगळ्या नंबराची नोट घालायची आणि ती बदली आहे हे कळावं म्हणून सुरुवातीची अक्षरं आणि पुढचे आकडे यांच्या मधे एक चांदणी छापायची. अशा गड्डीच्या पट्टीवर तशी सूचनाही असते. पाचशेच्या नव्या नोटांत चांदणी आली ती २०१६ साली. वर्गात एखादा मुलगा आजारी पडला आणि त्याच्या जागी दुसरा नाटकात उभा राहिला, तर तो काही खोटा मुलगा नसतो ना? तसंच हे. फरक इतकाच, की गड्डीची पट्टी बँकेत सुटते आणि चांदणी एकटीच गावात येते.

संग्रहालयात आजच्या नोटा ओळखायला शिकवणारा एक भाग आहे. तिथं आमच्या मुलीने रुमाल सोडला. भोवती २८ डोकी! तिने आधी नोट उजेडासमोर धरली. मोकळ्या जागेत गांधीजी दिसले आणि शेजारी ५०० चा आकडा. मग नोट तिरपी केली. मधल्या धाग्याचा हिरवा रंग निळा झाला. एकाने डोळे मिटून दोन्ही कडांवरच्या रेषा बोटांनी मोजल्या. डाव्या बाजूला पाच, उजव्या बाजूला पाच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या उठावदार केलेल्या असतात. नंबराचे आकडे लहानापासून मोठे होत गेलेले. मागे लाल किल्ला. एकेक खूण सापडत होती आणि मुलीचा आवाज मोठा होत होता. शेवटी तिथल्या पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. चांदणी मात्र कुणी मोजलीच नाही!

हे चालू असताना आमच्यातल्या एका मुलाने हळूच खिशातून एक कोरी करकरीत नोट काढली. एक रुपयाची. लग्नातल्या आहेराच्या पाकिटात पाचशे एक रुपये होते, त्यातला हा 'एक'. दुकानात गोळ्या घ्यायला गेला, तर दुकानदार म्हणाला, "खेळण्यातली आहे, जा." मुलाने ती नोट भिंगाखाली धरल्यासारखी तपासली आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, हिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नावच नाही. गव्हर्नरची सहीपण नाही. पैसे देण्याचं वचनपण नाही!"

शाबास! त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पण गोष्ट अशी आहे, की एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढतच नाही. ती भारत सरकार काढतं. तिच्यावर सही असते केंद्र सरकारच्या अर्थ सचिवांची आणि ते वचनाचं वाक्य तिच्यावर नसतंच. १९९४ साली तिची छपाई थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली वीस-एकवीस वर्षं ती नव्याने कुणाच्या हाती पडली नाही, त्यामुळे ज्यांचा जन्म त्या काळातला त्यांना ती खेळण्यातली वाटते. नोटेच्या मागे समुद्रातलं एक यंत्र आहे. ते 'सागर सम्राट'. मुंबईपासून दूर समुद्रात १९७४ मध्ये ज्याने तेल शोधलं, ते. मुलाने नोट परत पाकिटात घातली. आता तो गोळ्या घेणार नव्हता!

तुम्हाला वाटेल, आपल्याकडेच असं होतं. छे! अमेरिकेत दोन डॉलरची नोट आहे. खरी आहे, चालते, पण रोजच्या व्यवहारात क्वचितच दिसते. २०१६ साली टेक्सास राज्यातली एक बातमी गाजली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीने शाळेच्या उपाहारगृहात जेवण घेताना आजीने दिलेली दोन डॉलरची नोट पुढे केली. नोट खोटी वाटली, म्हणून पोलीस आले. चौकशी आजीपर्यंत गेली, जिथून नोट आली त्या दुकानापर्यंत गेली, शेवटी बँकेत गेली. बँकेने सांगितलं, नोट शंभर टक्के खरी आहे, १९५३ सालची. खोटी नोट ओळखायचं जे पेन तिथं वापरतात, ते इतक्या जुन्या कागदावर चालतच नाही. मुलीचं त्या दिवशीचं जेवण मात्र बुडालं. आमच्या मुलीने ही गोष्ट ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "नंतर तिची कुणी माफी मागितली का?"

आजीच्या नोटेचं पुढे काय झालं, ते इथंच सांगून टाकते. सहलीहून आल्यावर आजी, नात आणि मी तालुक्याच्या बँकेत गेलो. वाटेत आजीला मी नियमही समजावला. नोट खोटी निघालीच, तर बँक तिच्यावर तसा शिक्का मारते, ती ठेवून घेते आणि पावती देते. पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण एखाददुसरी नोट नकळत हाती आलेल्या माणसाला कुणी चोर ठरवत नाही. एका वेळी चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या, तर बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या, तर मात्र लगेच गुन्हा नोंदवावा लागतो. कायद्याने गुन्हेगार कोण? खोटी आहे हे ठाऊक असून जो ती दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, तो. आजीने हे सगळं ऐकलं आणि पदर घट्ट धरला.

खिडकीतल्या कॅशियरने नोट यंत्रात टाकली. यंत्र गप्प राहिलं. त्याने शंभराच्या पाच नोटा मोजून दिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच! महिनाभर डबीत कोंडलेली नोट दहा सेकंदांत गड्डीत गेली. आजी मात्र खिडकीपासून हलेना. तिने त्या पाचही नोटा एकेक करून डोळ्यांजवळ नेल्या आणि नातीला म्हणाली, "बघ गं, याच्यात कुठं चांदणी हाय का?"

असो. आपण परत मुंबईला जाऊ, कारण सहलीचा चांगला भाग अजून राहिलाय. संग्रहालयातून निघून आम्ही हॉर्निमन सर्कलच्या बागेला वळसा घातला आणि टाऊन हॉलच्या भल्यामोठ्या पायऱ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. तिथून जवळच मुंबईची टांकसाळ आहे. १८२९ सालची जुनी इमारत. आत जाता येत नाही, पण बाहेरून पाहता येते. समोर रिझर्व्ह बँकेची उंच इमारत. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला नाणी पाडणारे, दुसऱ्या बाजूला नोटांचा हिशेब ठेवणारे!

टांकसाळ पाहिल्यावर मुलांनी खिसे उलटे केले. सगळ्यांजवळ दहाची नाणी होती, कारण आमच्याकडे तीही कुणी पटकन घेत नाही. 'दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं', असं काहीबाही लोक सांगतात. २००९ पासून दहाची नाणी वेगवेगळ्या छापांत निघत गेली. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की तोपर्यंत निघालेले चौदाही प्रकार खरे आहेत. तरी आमच्या आठवडी बाजारात ती अजून पिशवीच्या तळाशीच पडून असतात.

नाण्यावर सालाच्या खाली बारीक खूण असते, ती मी दाखवली. बर्फीच्या आकाराची असेल, तर नाणं मुंबईचं. ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल, तर कोलकात्याचं. मुलं तिथंच फुटपाथवर उकिडवी बसली आणि टांकसाळीच्या भिंतीशी नाणी धरून 'हे इथलं, हे इथलं' म्हणून ओरडू लागली.

आम्ही दोघा शिक्षकांनी कोपऱ्यावर चहा घेतला. पैसे द्यायला मी मुद्दाम एका मुलाला पाठवलं, दहाची नाणी घेऊन. चहावाल्याने नाणी घेतली आणि न बघता गल्ल्यात टाकली. मुलगा तसाच उभा. मग धावत आला. "बाई, त्यानं बघितलंपण नाही! रेघा मोजल्याच नाहीत!"

रात्री परतीच्या गाडीत बसल्यावरही खिशातली नाणी बाहेरच होती. अचानक वरच्या बाकावरून एक जण किंचाळला, "बाई, याच्यावरपण चांदणी!" खरंच होती. सालाच्या खाली, इवलीशी. चांदणी ही हैदराबादच्या टांकसाळीची खूण. ते ऐकताच नोटवाली मुलगी खालच्या बाकावरून ताडकन उठली. तिला ते नाणं हवं होतं. आधी दहाला दहा म्हणाली. मग दहाला वीस. नाणंवाला पंचवीसवर अडून बसला. कसारा आलं तरी दोघांची घासाघीस चालूच होती.